फोटो पोहोचले, आता कारण पाठवा : नव्या नगरसेवकांना खुलं पत्र

सन्माननीय नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष आणि सर्व नगरसेवक-नगरसेविका यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेकांचे चेहरे मला पाठ आहेत. कुणाच्या भुवईवरचा व्रण फोटोत ठेवायचा नाही, कुणाला फेटा हवा, कुणाचे हात जोडलेले आणि कुणाचा एक हात उंचावलेला, हे सगळं माझ्या कॉम्प्युटरवर नावानिशी फोल्डर करून ठेवलेलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या आपल्या या तालुक्याच्या गावी मी गेली अठरा वर्षं फ्लेक्स छापतो. त्याआधी ब्रशनं पाट्या रंगवायचो. निकालाच्या रात्री माझं मशिन पहाटे साडेचारपर्यंत बंद झालं नाही. अभिनंदनाचे फलक होते, आभाराचे होते, एकाच गल्लीच्या दोन तोंडांना लावायचे दोन वेगवेगळ्या गटांचे होते. ते छापून सुकायला टांगले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या रात्रीच्या एकाही फलकावर तुम्ही आता काय करणार आहात याबद्दल एक ओळ नव्हती.

मजकूर तुमचा होता, पण छापला मी. म्हणून हे पत्र दूरवर उभं राहून लिहिलेलं नाही. तुमची प्रतिमा जिथं घडते त्या टेबलावर मी रोज बसतो. तिथून मला जे दिसतं ते तुम्हाला सांगावं असं फार दिवस वाटत होतं. मध्ये काही वर्षं नगरपरिषदेवर प्रशासक होते, कुणाला सांगणार? आता तुम्ही निवडून आला आहात.

एक फलक कसा तयार होतो ते आधी सांगतो, कारण सामान्य माणसाला ते ठाऊक नसतं. वर गोलात देशाचे नेते, त्याखाली राज्याचे, मग जिल्ह्याचे. कुणाचा गोल केवढा, यावरून माझ्या दुकानात तासतास फोन चालतात. मग मधोमध मोठा फोटो. खाली शुभेच्छुकांचे तीस-चाळीस चेहरे. मजकुराला उरते ती पट्टी. तिथं ‘कार्यसम्राट’, ‘विकासपुरुष’, ‘यांच्या अथक प्रयत्नांतून’ असे ठरलेले शब्द असतात. दहा बाय आठच्या फलकावर कामाचं नाव साधारण एका ओळीत संपतं. ते काम का निवडलं, दुसरं का मागं ठेवलं, याला त्या मांडणीत जागाच नाही. अठरा वर्षांत ती जागा ठेवायला मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी सुचवलं नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. नगरपरिषदेचं काम कसं पुढं सरकतं हे तुम्हाला आता कळेलच. मागणी येते, अभियंता अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. ‘निधी मंजूर’ असा फलक माझ्याकडे यातल्या कुठल्या टप्प्यावर येतो? पुष्कळदा पहिल्याच्याही आधी. मंत्रिमहोदयांना मागणीचं पत्र देतानाचा फोटो निघाला, की दुसऱ्या दिवशी चौकात फलक. मग लोक रस्त्याची वाट बघतात. पुढं काम अडलं तर कुठल्या टेबलावर अडलं हे विचारायची सोयही उरत नाही, कारण फलकाच्या हिशेबानं ते केव्हाच झालेलं असतं. एकदा एकाच रस्त्याच्या श्रेयाचे दोन फलक दोन पक्षांसाठी मी एकाच रात्री छापले. दोन्हींवरचा आकडाही वेगळा होता. रस्त्यासाठी खरे किती रुपये आले ते आजही मला माहीत नाही.

आता माझ्या गल्लीची गोष्ट सांगतो. नावं सांगत नाही, कारण तो मुद्दा नाही.

आमच्या गल्लीतून जाणारं गटार उघडं आणि उथळ. मृगाचा पाऊस पडला की पाणी घरात. त्याच्यासाठी आम्ही चार वर्षं अर्ज करत होतो. एका वर्षी आमच्या वॉर्डासाठी पैसे आल्याची बातमी आली, आणि त्यातून गटाराच्या ऐवजी चौकात स्वागत कमान उभी राहिली. कमानीच्या उद्घाटनाचे सात फलक माझ्याच दुकानात छापले गेले. त्याच आठवड्यात पाऊस झाला. आईनं पलंगावर चूल ठेवून स्वयंपाक केला. गल्लीत एकच बोलणं, की नगरसेवकानं कमानीत पैसे खाल्ले. मीही तेच बोलत होतो.

पुढं दीड वर्षानं मी माहितीच्या अधिकारात सभेचं इतिवृत्त आणि मंजुरीचा आदेश मागवला. इतिवृत्तात कमानीचा विषय मूळ विषयपत्रिकेवर नव्हताच. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या सदरात तो आला होता. सूचक एक, अनुमोदक एक, आणि पुढं चार शब्द : सर्वानुमते मंजूर करण्यात आले. का, कशासाठी, पर्याय काय होते, कुणी काही विचारलं का, यातलं काही नाही. पण आदेश वाचला तेव्हा मी चरकलो. तो निधी ज्या सदराखाली आला होता, ते शहर सुशोभीकरणाचं होतं. गटाराला तो वापरताच येत नव्हता. मुदतीत खर्च केला नसता तर परत गेला असता.

म्हणजे त्या नगरसेवकाकडं सांगण्यासारखं कारण होतं. पटणारं असतं की नसतं हा पुढचा प्रश्न. मी म्हटलं असतं, मग सुशोभीकरणाऐवजी गटाराच्या सदरासाठी तुम्ही मागणी का केली नाही? त्यावर वाद झाला असता, आणि तो वाद योग्य ठरला असता. पण त्यानं फलक लावला आणि कारण स्वतःपाशी ठेवलं. लोकांनी मग मिळेल ते कारण लावून टाकलं. पुढच्या निवडणुकीत तो पडला. खाल्लेल्या पैशांमुळं पडला असं सगळे म्हणतात. मी कागद वाचलेत, मला तसं म्हणवत नाही. इतक्या वर्षांत त्याचे किती फलक छापले मी! त्यांतल्या एकावर तरी ‘हा निधी फक्त सुशोभीकरणासाठी आहे, गटारासाठी वेगळी मागणी केली आहे, तिचा क्रमांक असा’ एवढं असतं, तर त्याच्याबद्दल गल्लीचं मत निराळं असतं.

प्रतिमा फोटोनं उजळते, शब्दांनी मोठी होते, असं तुम्हाला वाटतं. माझ्या टेबलावरून मला निराळं दिसतं. निर्णय जेवढा झाकलेला, तेवढा फलक मोठा मागवला जातो. आणि याचा उलटा परिणाम निर्णयावरही होतो. जे काम फलकावर शोभेल ते आधी घेतलं जातं. व्हॉल्व्ह बदलणं, जुनी जलवाहिनी काढणं, सांडपाण्याच्या नळाचा उतार दुरुस्त करणं ही कामं जमिनीखाली असतात, त्यांचं उद्घाटन करता येत नाही. आपल्या गावात पाणी एक दिवसाआड का येतं आणि कमानी किती आहेत, हे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा.

२०१९ चा महापूर आठवा. सांगलीत घरांचे पहिले मजले पाण्याखाली होते. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि माणसं बुडाली. त्याच दिवसांत मदतीच्या धान्याच्या पिशव्यांवर नेत्यांच्या फोटोंचे स्टिकर लागल्याचं राज्यभर गाजलं. स्टिकरची एक ऑर्डर माझ्याकडेही आली होती. दोन हजार नग. मी ते छापून दिले. वीज नव्हती म्हणून जनरेटरवर छापले. चार दिवसांनी एका शाळेतल्या निवारा केंद्रात मी तांदळाची पिशवी घेऊन गेलो, तिथं एका म्हातारीनं तिच्या पिशवीवरचा स्टिकर नखानं सोलून काढलेला बघितला. ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून मदतीच्या सामानावरचा एकही स्टिकर मी छापलेला नाही, पुढं छापणारही नाही.

त्या पुरानंतर राज्य सरकारनं वडनेरे समिती नेमली. तिनं २०२० साली अहवाल दिला. पूर का आला, पुढं काय करावं लागेल, हा नदीकाठच्या प्रत्येक गावाचा प्रश्न आहे. पण त्या अहवालातलं एक वाक्य कुठल्या चौकात लागलेलं मी पाहिलं नाही. पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी द्यायची की नाही, हा प्रश्न तुमच्या नगरपरिषदेसमोर येणार आहे. तेव्हा तुम्ही काय ठरवता त्याहून जास्त मला ऐकायचं आहे ते का ठरवता.

ही मागणी नवी नाही, आपल्याच मातीत ती दोनदा पुरी झालेली आहे.

शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीरच्या गॅझेटमधून मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. महाराज तेव्हा विलायतेत होते. आपण दरवर्षी त्या तारखेचे फलक लावतो, मीच छापतो. पण आदेशाचा मजकूर वाचलेले लोक कमी असतील. त्यात सुरुवातीलाच कबुली आहे, की शिक्षणाला उत्तेजन देऊनही मागासलेल्या वर्गांत अपेक्षेइतका फरक पडला नाही. मग त्याचं कारण सांगितलं आहे : उच्च शिक्षणाचं जे फळ मिळायला हवं, ते पुरेशा लोकांपर्यंत पोहोचत नाही. मग आकडा, की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा. आणि शेवटी खातेप्रमुखांनी नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवायचा. एका संस्थानाच्या राजाला मतदारांना उत्तर द्यायचं नव्हतं. तरी त्यानं अपयश लिहिलं, कारण लिहिलं, आकडा लिहिला आणि तपासणीची सोय लिहिली. माझ्या मते त्या एका पानाएवढी स्वच्छ प्रतिमा महाराष्ट्रात दुसऱ्या कुणी घडवली नाही.

दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. वि. स. पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. गावातल्या माणसाला मागेल तेव्हा काम मिळालं पाहिजे, ही त्यांची कल्पना. ती त्यांनी थेट राज्यावर लादली नाही. साठच्या दशकात तासगाव तालुक्यात आधी करून बघितली. मग ती राज्याची रोजगार हमी योजना झाली. त्यातच १९७२ चा दुष्काळ आला. माझी आई तेव्हा पंधरा वर्षांची होती. दुष्काळी कामावर तिनं खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि नंतर रोजगार हमीच्या पाझर तलावावर मातीची पाटी वाहिली. १९७५ साली सरकारनं व्यवसाय कर आणला आणि त्याचा पैसा या योजनेसाठी ठेवला. शहरातल्या कमावत्या माणसानं खेड्यातल्या काम नसलेल्या माणसासाठी भरायचा कर. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. पुढं २००५ साली देशाच्या कायद्यातही हेच पंधरा दिवस आले.

मी दुकानदार म्हणून दरवर्षी अडीच हजार रुपये व्यवसाय कर भरतो. ज्या वर्षी पहिल्यांदा भरला, तेव्हा कुरकुर केली. आईनं विचारलं, कसला कर? मला सांगता आलं नाही. नंतर एका निवृत्त मामलेदारांनी मला तो इतिहास समजावला आणि मी घरी जाऊन आईला सांगितला. ती म्हणाली, “म्हणजे तवा आमाला कुनीतरी भरला, आता तू भर.” मी आता कुरकुरत नाही. निर्णयाचं कारण कळलं की माणूस खिशात हात घालायलाही तयार होतो, हे मी स्वतःवरून सांगतो. आणि पागे साहेबांचा चेहरा? आईनं तो कधी बघितलेला नाही.

त्याच काळात वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. त्यांनी १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यावर जाहीर सांगितलं, की दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या. शब्द जहाल होते, आणि त्यांनी त्यांची प्रतिमा घडवली यात शंका नाही. पण त्यात मुदत होती. दोन वर्षांनी कुणीही उठून विचारू शकत होतं. आजच्या फलकांवर मुदत कुठं असते?

कायद्याचंही सांगतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ नुसार महत्त्वाचं धोरण ठरवताना आणि लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी संबंधित वस्तुस्थिती तुम्ही आपण होऊन प्रसिद्ध करायची आहे. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणंही द्यायची आहेत. त्यासाठी आम्ही दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करायची वाट बघायची नाही. मला कमानीचं कारण कळायला दीड वर्ष लागलं. ते पहिल्या दिवशी नगरपरिषदेच्या दारात लागायला हवं होतं.

फोटोंबाबत तर सर्वोच्च न्यायालयानंच १३ मे २०१५ रोजी सांगितलं होतं, की सरकारी पैशाच्या जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश एवढ्यांचेच फोटो असावेत. पुढच्या वर्षी मार्चमध्ये सरकारांच्या विनंतीवरून मुख्यमंत्री, मंत्री यांनाही मुभा मिळाली. ती मुभा मिळायला नको होती, असं मला मनापासून वाटतं. माझं पोट फोटोंवर चालतं, तरी वाटतं. आणि विनापरवाना फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०१७ रोजी सविस्तर निकाल दिलेला आहे. चेन्नईत २०१९ च्या सप्टेंबरमध्ये एका राजकीय पदाधिकाऱ्याच्या घरच्या लग्नाचा फलक दुचाकीवरच्या तरुण मुलीच्या अंगावर पडला, ती रस्त्यावर पडली आणि मागून आलेल्या टँकरखाली गेली. ते वाचल्यापासून वारा सुटला की मी दुकानाबाहेर येऊन चौकातल्या बांबूंकडं बघतो.

नगरसेविकांसाठी वेगळं लिहितो. सभागृहात निम्म्या जागा तुमच्या आहेत. पण फलकाची ऑर्डर द्यायला बहुधा तुमचे यजमान येतात, आणि मांडणी बघून म्हणतात, माझा जरा मोठा घ्या. तुम्ही निवडून आलेल्या असता आणि फलकावर तुमचा चेहरा कोपऱ्यात असतो. मी आजवर गप्प राहून तसं करून दिलं. यापुढं निवडून आलेल्या व्यक्तीचाच फोटो मोठा राहील, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे न्यावी लागेल. सभेत मात्र तुम्ही स्वतः बोला. तुमच्या वॉर्डातल्या बायका पाण्याच्या टाकीपाशी जे बोलतात ते तुम्हाला ऐकू येतं, यजमानांना येत नाही. ते तुमच्या तोंडून इतिवृत्तात नोंदवलं गेलं, तर आमच्या गावात पहिल्यांदाच एखाद्या ठरावाला कारण मिळेल.

माझी मागणी थोडीच आहे. विषयपत्रिका सभेच्या आधी नगरपरिषदेच्या दारात लावा. ऐनवेळच्या विषयात पैशाचं काम घेऊ नका. घ्यावंच लागलं, तर घाई कसली होती ते ठरावात लिहा. ‘सर्वानुमते मंजूर’ याच्या आधी दोन वाक्यं असू द्या : हे काम आधी का घेतलं, आणि कुठलं मागं ठेवलं. कुणाचा विरोध असेल तर त्याचं म्हणणं नोंदवा. विरोध नोंदवल्यानं तुमची प्रतिमा डागाळत नाही, हे एकदा करून बघा. आणि कामाच्या जागी जो फलक लावाल, त्यावर निधीचं सदर, रक्कम, कार्यारंभ आदेशाची तारीख, काम संपायची मुदत आणि ठेकेदारानं किती वर्षं दुरुस्ती करून द्यायची हे असू द्या.

हा फलक मी छापून देतो. प्रत्येक वॉर्डाला दर महिन्याला एक, चार बाय तीन, माझ्या खर्चानं, पहिलं वर्षभर. पांढऱ्यावर काळी अक्षरं, कारण ती लांबून आणि पावसातही वाचता येतात. लहान मजकूर असेल तर मी पत्र्यावर ब्रशनंच लिहीन, हात अजून स्थिर आहे. मांडणी कालच तयार केली. वर नगरपरिषदेचं नाव, खाली कामाचं नाव, आणि मधली सगळी जागा रिकामी ठेवली आहे. माझ्या गल्लीच्या गटाराची फाइल त्यात पहिली आहे. ते काम या वर्षी घेणार असाल तर का, आणि घेणार नसाल तर का नाही, तेवढा मजकूर दुकानाच्या नंबरवर पाठवा. त्याच रात्री छापतो.

आपला,
तुमचे फलक छापणारा एक मतदार